डावीकडे डिझेल, उजवीकडे वीज: एका कॅटामरानच्या प्रकल्प नोंदी

२४ मे २०२४

काल पौर्णिमा झाली आणि आज उधाणाच्या भरतीचा फायदा घेऊन चापोरा नदीच्या काठावरील चढणीवर बोट घेतली. बोट कॅटामरान, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सांगाडे जोडलेली, ३७ फुटी, फायबरग्लासची, प्रवासाचे सामान भरल्यावर सुमारे साडेसात टनांची असून तिच्या प्रत्येक बाजूला २१ अश्वशक्तीचे, तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि त्याखाली सेलड्राइव्ह (इंजिनाची शक्ती तळातून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत, म्हणजे प्रोपेलरपर्यंत नेणारा पाय) अशी मूळची रचना आहे. उजव्या बाजूच्या इंजिनात एक्झॉस्टमधून समुद्राचे पाणी उलटे शिरले आणि ते आमच्या लक्षात येईपर्यंत तीन आठवडे उलटले होते. सिलिंडर उघडल्यावर आतला गंज नखाने खरवडून निघत होता. ओव्हरहॉलसाठी मेस्त्रींनी पावणेदोन लाखांचा अंदाज दिला, पण काम टिकेल याची खात्री देण्यास ते तयार नव्हते. नवे इंजिन सेलड्राइव्हसह नऊ लाखांच्या पुढे जात होते.

वीज की डिझेल हा वाद आम्ही घरी दोन वर्षे घालत आलो आहोत. आता एक बाजू आपोआप रिकामी झाली आहे, तेव्हा उजवीकडे विजेची मोटर बसवावी, डावे डिझेल तसेच ठेवावे आणि एकाच बोटीवर, एकाच पाण्यात दोन्हींचे मोजमाप घ्यावे असे ठरवले. ज्यांना हेच काम करायचे आहे त्यांना खर्च, चुका आणि वाया गेलेले दिवस आधी कळावेत म्हणून या नोंदी ठेवत आहे.

३ जून

मासेमारीबंदी १ तारखेला सुरू झाली आणि आमच्या शेजारी ट्रॉलरही वर आले. उजवे इंजिन आज एकदाचे बाहेर निघाले. मागच्या पायाचा एक बोल्ट गंजून जाम झाला होता, त्याने दोन दिवस खाल्ले. शेवटी तो कापावाच लागला. काट्यावर इंजिनाचे वजन ११८ किलो भरले. पाण्याखालचा सेलड्राइव्हचा पाय चांगल्या स्थितीत असल्याने तो ठेवला आहे. त्याचा गिअर कायम पुढच्या दिशेत अडकवून ठेवायचा आणि मागे जाण्यासाठी मोटरच उलटी फिरवायची, अशी योजना आहे.

११ जून

मोटर किती मोठी घ्यावी यावर आठवडा गेला. मी प्रथम सरळ २१ अश्वशक्ती म्हणजे सुमारे १५ किलोवॉट असा हिशेब धरून तेवढ्याच मोटरचे भाव मागवले होते, आणि ती चूक होती. मागील तीन वर्षांच्या प्रवासवह्या चाळल्या तेव्हा दिसले की नव्वद टक्के वेळ आम्ही एकच इंजिन लावून पाच नॉटच्या (तासाला पाच सागरी मैल; या नोंदींतले मैल सागरीच आहेत) आसपास चालतो आणि पूर्ण थ्रॉटल वर्षातून जेमतेम चार-पाच वेळा लागतो. म्हणून ४८ व्होल्टची, सतत १० किलोवॉट देणारी मोटर कंट्रोलरसह मागवली. आयातशुल्क धरून ३ लाख ४२ हजार रुपये पडले.

विजेवर चालणारी कॅटामरान आपल्याकडे नवी नाही. केरळात वैकम आणि तवणक्कडव यांच्यामध्ये जानेवारी २०१७ पासून धावणारी ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट कॅटामरानच आहे. मात्र तिची फेरी अडीच किलोमीटरच्या आसपास असते, वेळापत्रक ठरलेले असते आणि संध्याकाळी ती आपल्याच धक्क्याला परत येते. आमच्या बोटीला उद्या कुठे जायचे आहे हे पुष्कळदा वारा ठरवतो. त्यामुळे तिथे सिद्ध झालेले इथे लागू पडेलच असे गृहीत धरायचे नाही, एवढे स्वतःला बजावून ठेवले आहे.

२८ जून

मोटर आणि सेलड्राइव्ह जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी म्हापशाच्या एका लेथवाल्याकडून करून घेतली आणि त्याला ३८ हजार दिले. पहिली पट्टी बसवून मोटर हाताने फिरवली तेव्हा सगळे ठीक वाटले, पण वीज देऊन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर नेताच संपूर्ण बैठक थरथरू लागली. दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमधील रबराचा तुकडा वीस मिनिटांत कडेने झिजून त्याची काळी भुकटी खाली साचली. डायल गेज लावून पाहिले तर दोन्ही शाफ्टच्या मध्यांत ०.३५ मिलिमीटरचा फरक निघाला. भोके थोडी मोठी करून आणि पत्र्याच्या पातळ चकत्या घालून तो ०.०५ वर आणला. हे गेज पहिल्या दिवशीच वापरले असते तर नऊ दिवस आणि एक कपलिंग वाचले असते.

२० जुलै

बॅटरीचे काम पूर्ण झाले. लिथियम आयर्न फॉस्फेटचे २८० अँपिअर-तासांचे ३२ सेल घेतले आणि सोळा-सोळांच्या दोन ओळी केल्या. प्रत्येक ओळ ५१.२ व्होल्टची, सव्वाचौदा युनिटांची आहे, म्हणजे दोन्ही मिळून २८.७ युनिट होतात. तळाचे २० टक्के हात न लावता ठेवायचे म्हटल्यावर वापरायला २३ युनिट उरतात. सेल २ लाख ७५ हजारांचे पडले, त्यांच्यावर देखरेख करणारी दोन बीएमएस ३६ हजारांची, आणि केबल, फ्यूज, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचे जोड), पेट्या मिळून ४९ हजार लागले.

वजनाचा हिशेब मुद्दाम मांडतो. इंजिन काढल्याने ११८ किलो कमी झाले, मोटर आणि तिच्या बैठकीचे ४२ किलो आले आणि बॅटऱ्या पेट्यांसह २१२ किलोंच्या झाल्या. निव्वळ १३६ किलोंची भर पडली, म्हणजे दोन दणकट माणसे बोटीवर कायमची बसवल्यासारखे आहे. कॅटामरानला वजन फार बाधते, आणि मागच्या टोकाला तर अधिकच. म्हणून बॅटऱ्या इंजिनाच्या कप्प्यात न ठेवता मधल्या बैठकीखाली ठेवल्या. त्यामुळे ७० चौरस मिलिमीटरची महागडी केबल पाच मीटर जास्त लागली, पण त्याचे वाईट वाटत नाही.

९ ऑगस्ट

आजची नोंद या कामातील सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आज माझ्या हातून धोकादायक चूक झाली.

कंट्रोलरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना बॅटरी एकदम जोडली तर क्षणभर शेकडो अँपिअर वाहतात, म्हणून आधी एका रेझिस्टरमधून ते हळूहळू भरून घ्यायचे आणि मगच मुख्य कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) जुळू द्यायचा, अशी जोडणी आकृतीत स्पष्ट दाखवली होती. रेझिस्टर टपालात अडकला होता आणि मोटर फिरताना पाहण्याची घाई मला झाली होती, त्यामुळे ‘चाचणीपुरते चालेल’ असे म्हणून मी त्याच्याशिवाय जोडणी केली. दिवसभरात पाच-सहा वेळा सुरू-बंद केले. प्रत्येक वेळी जो ठक्क असा आवाज येत होता तो मी नेहमीचाच समजलो. संध्याकाळी आणीबाणीचे लाल बटण तपासण्यासाठी दाबले. आवाज झाला नाही, पॅनेलवरचा दिवा विझला नाही, आणि लिव्हर किंचित पुढे केला तर पंखा फिरला. पंख्यापासून दोन हातांवर आमचे मेस्त्री बोटीच्या तळाला रंग लावत बसले होते.

बॅटरीचा मुख्य स्विच तोडून सगळे शांत केले. कॉन्टॅक्टर उघडल्यावर आतील तांब्याची दोन टोके एकमेकांना वितळून चिकटलेली दिसली. पेचकसाने उचकटावी लागली. नवा कॉन्टॅक्टर ७,२०० रुपयांचा आला. त्यानंतर तीन नियम केले. प्री-चार्ज रेझिस्टरशिवाय एकदाही जोडणी करायची नाही, चढणीवर असताना पंखा काढून ठेवल्याशिवाय मोटरला वीज द्यायची नाही, आणि लाल बटण दररोज पहिल्यांदा तपासायचे. डिझेल इंजिन बंद पडले की ते बंदच असते. विजेची मोटर गप्प असली म्हणून ती मेलेली आहे असे समजू नये.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. काम बंद ठेवले आणि गावातील मंडळींबरोबर नारळ सोडायला गेलो. पुढे गणपतीतही आठ दिवस कारागीर मिळणार नाहीत, हे वेळापत्रकात आधीच धरले आहे.

१८ सप्टेंबर

पौर्णिमेच्या भरतीला बोट पाण्यात उतरवली. मोटरचा आवाज नसल्याने आता सेलड्राइव्हच्या गिअरची बारीक, उंच सुरातली किणकिण ऐकू येते. ती पूर्वीही असणार, पण डिझेलच्या धडधडीखाली दबलेली होती. त्याच शांततेत एक लग वाजवीपेक्षा गरम होत असल्याचे कळले, कारण प्लास्टिक तापल्याचा मंद वास आला. इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहता २०० अँपिअरवर इतर जोड ४१ ते ४४ अंशांवर होते आणि हा एक ८६ वर होता. मी तो हातोड्याच्या साध्या क्रिंपरने दाबला होता. हायड्रॉलिक क्रिंपर भाड्याने आणून सर्व बावीस लग पुन्हा केले.

६ ऑक्टोबर

नदीच्या रुंद भागात, वारा पडलेला असताना, प्रत्येक वेग प्रवाहाच्या दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढली. प्रत्येक वेळी एकच बाजू चालू होती.

विजेवर ३ नॉटला १.८ किलोवॉट, ४ नॉटला ४.१, ५ नॉटला ८ आणि पूर्ण १० किलोवॉट देऊन ५.४ नॉट मिळाले. डिझेलवर ४ नॉटला तासाला १.६ लिटर आणि ५ नॉटला २.७ लिटर लागले.

या आकड्यांकडे आम्ही दोघे बराच वेळ पाहत बसलो. वेग चारवरून पाचवर नेला की विजेची गरज जवळजवळ दुप्पट होते. २३ युनिटांत ५ नॉटने पावणेतीन तास, म्हणजे सुमारे १४ मैल जाता येते, तर ४ नॉटने साडेपाच तास, म्हणजे २२ मैल. डिझेलची १५० लिटरची टाकी ५ नॉटने पावणेतीनशे मैलांच्या आसपास नेते. चापोऱ्याहून वेंगुर्ले सुमारे १६ मैल आणि मालवण सुमारे ३० मैल आहे, हे ध्यानात घेतले की या किनाऱ्यावर विजेचा आवाका कुठे संपतो ते दिसते.

पैशांचेही सांगून टाकतो. ५ नॉटने डिझेलचा खर्च मैलाला सुमारे ४७ रुपये येतो, आणि धक्क्यावरील वीज युनिटला ८ रुपये धरून चार्जिंगमधील गळतीसह विजेचा मैलाला १४ रुपये येतो. आम्ही वर्षाला इंजिनावर ८०० मैलांपेक्षा जास्त जात नाही, म्हणजे बचत २६ हजारांची. सौर पॅनेल धरून आतापर्यंत आठ लाखांवर गेलेला खर्च इंधनाच्या बचतीतून भरून निघायला तीस वर्षे लागतील. त्या हिशेबासाठी कोणी हे काम हाती घेऊ नये. नवे इंजिन घ्यावेच लागणार असेल तरच दोन्हींची रक्कम जवळपास येते.

२६ ऑक्टोबर

बुडी मारून तळ पाहिला. सेलड्राइव्हच्या डाव्या पायावरील झिंक (पायाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) जवळजवळ नवे होते. उजव्या पायावरील पाऊण भाग पाच आठवड्यांत खाऊन गेला होता आणि त्याच्या कडेला रंगाखाली अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी फुगली होती. आणखी महिना लक्ष गेले नसते तर पायालाच भोके पडली असती.

कारण शोधायला तीन दिवस लागले. ४८ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा माझा कन्व्हर्टर स्वस्तातला होता आणि त्यात दोन्ही बाजूंची ऋण टोके आतून जोडलेली होती. बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) एका वायरचे आवरण सोलले जाऊन ती ओल्यात पडली होती, आणि मोटरच्या आवरणाला मी सुरक्षेसाठी म्हणून ऋण वायर जोडून ठेवली होती. या तिन्हींनी मिळून पाण्यातून पायापर्यंत वीज वाहायला वाट करून दिली. दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा कन्व्हर्टर १४,५०० रुपयांना घेतला, मोटरची ती वायर काढली, पंपाची वायर बदलली. डिझेलच्या बाजूला असा प्रकार आम्ही कधी पाहिला नव्हता. विजेचे काम करणाऱ्याने दर पंधरा दिवसांनी झिंक पाहावे.

२४ नोव्हेंबर

शिडावर चालताना पाण्याने पंखा फिरतो आणि मोटर उलट बॅटरी भरते, याबद्दल मला मोठी आशा होती. आज दिवसभर मोजले. साडेसहा नॉटला २६० वॉट आणि साडेसात नॉटला ४०० वॉट मिळाले, आणि त्यासाठी बोटीचा वेग पाव ते अर्धा नॉट कमी झाला. सहा तास चांगल्या वाऱ्यात चाललो तर दीड युनिट जमते, आणि तेवढ्यात ५ नॉटने एक मैलही होत नाही. फ्रिज आणि दिव्यांसाठी ते उपयोगी आहे, पुढे जाण्यासाठी नाही.

एकदा बॅटरी पूर्ण भरलेली असताना हे सुरू ठेवले. बीएमएसने चार्जिंग तोडले, व्होल्टेज उसळले आणि कंट्रोलर चूक दाखवून थांबला. आता ९० टक्क्यांच्या वर उलटे चार्जिंग आपोआप बंद होते.

छपरावरील १,६४० वॉटच्या पॅनेलांतून, डोलकाठी आणि शिडाची सावली धरून, दिवसाला सरासरी ५.८ युनिट येतात. घरखर्च २.१ जातो. उरलेल्या ३.७ युनिटांत ४ नॉटने साडेतीन मैल होतात.

११ जानेवारी २०२५

मालवणला पोहोचलो. आजचा दिवस तपशिलाने लिहितो.

पहाटे सहाला निघालो तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली होती. मतलई वाऱ्यावर साडेनऊपर्यंत नऊ मैल आलो आणि मग या महिन्यात येतो तसा वारा पूर्ण पडला. दहा ते साडेबारा ४ नॉटने विजेवर दहा मैल काढले. ते अडीच तास मला कायमचे आठवतील. पाण्याला सुरकुती नव्हती, वेंगुर्ल्याचे खडक डावीकडे होते, आणि मासेमारी होड्यांवरील माणसांचे बोलणे आम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू येत होते. एका जाळ्याचे तरंगते डबे पत्नीने पाहण्याआधी ऐकले, कारण ते एकमेकांवर टकटक आपटत होते. डिझेल चालू असते तर आम्ही त्यावर गेलो असतो.

पाऊणला वायव्येकडून खारा वारा सुरू झाला आणि दोन वाजेपर्यंत १८ नॉटचा झाला. साडेतीनपर्यंत वाऱ्याला तिरके घेत शिडावर पाच मैल पुढे सरकलो. पुढे मालवणचे खडक आणि मावळायला आलेला दिवस पाहून शिडे उतरवली. साडेपाच मैल उरले होते, बॅटरी ६८ टक्के होती. समोरून आखूड, उभ्या लाटा येत होत्या. सपाट पाण्यात ४.१ किलोवॉटवर ४ नॉट देणारी बोट इथे साडेनऊ किलोवॉटवर ३.३ नॉट देत होती. पन्नास मिनिटांत बॅटरी ४० वर आली. डिझेल सुरू केले, दोन्ही मिळून ५ नॉट झाले आणि मला हायसे वाटले.

बारा मिनिटांनी डिझेलचा आवाज खाली गेला, पुन्हा चढला आणि थांबला. फिल्टरच्या काचेत तपकिरी पाणी आणि गाळ दिसत होता. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत साचलेले पाणी लाटांनी ढवळून वर आले होते. मी खाली फिल्टर बदलत असताना पत्नीने मोटर ६ किलोवॉटवर ठेवून ३ नॉटने बोट खडकांच्या आडोशाला नेली. नांगर टाकला तेव्हा बॅटरी २८ टक्के होती आणि पाच वाजून गेले होते. सिंधुदुर्गाच्या तटावर ऊन अजून होते.

दोन्हीकडे डिझेल असते तर टाकी एकच असल्याने दोन्ही इंजिने पाठोपाठ बंद पडली असती. दोन्हीकडे वीज असती तर ती एकाच बॅटरीवर चालली असती आणि समोरच्या वाऱ्यात आणखी तासाभराने मी आजच्यापेक्षा वाईट ठिकाणी असतो. कार्यक्षमतेचे तक्ते मी आठ महिने मांडत होतो. खरे मोजायला हवे होते ते प्रवासातील सर्वांत वाईट तासाला किती किलोवॉट लागतात आणि त्या तासाला कोणती गोष्ट बिघडू शकते, हे.

१३ जानेवारी

टाकी रिकामी केली. तळाशी चार लिटर पाणी आणि दोन मुठी शेवाळी चिखल निघाला. पाणी वेगळे करणारा दुसरा फिल्टर मालिकेत बसवला आणि पावसाळ्यात टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवायचे ठरवले. विजेच्या कामात सगळे लक्ष गेल्याने डाव्या बाजूकडे माझे दुर्लक्ष झाले होते, हे मान्य करतो.

बंदरांत चार्जिंगचा अनुभव निराशाजनक आहे. या सफरीत एकाच धक्क्यावर जोडणी मिळाली आणि तीही ६ अँपिअरच्या प्लगची होती. त्यावर रात्रभरात बारा युनिट आले.

१६ फेब्रुवारी

डाव्या डिझेलवर ४८ व्होल्टचा अल्टरनेटर बसवला, ७८ हजार रुपये. याआधी डिझेलवर चालत असताना उजव्या पंख्याने चार्ज करून पाहिले होते. त्यात पाऊण नॉट गमावून दीडशे वॉट मिळत होते, म्हणून तो मार्ग सोडला. अल्टरनेटर साडेतीन किलोवॉट देतो, आणि नांगरावर असतानाही इंजिनाला पुरेसे ओझे मिळाल्याने ते काजळी धरत नाही. पहिला ब्रॅकेट चार तासांत तडकला. दुसरा १० मिलिमीटरच्या पोलादी पट्टीचा केला.

२ मार्च

मालवणहून चापोऱ्याला परत. तीस मैलांपैकी एकवीस शिडावर, सात विजेवर, दोन डिझेलवर झाले. डिझेल सव्वा लिटर लागले. धक्क्याला लागताना दोन्ही लिव्हर वेगवेगळ्या हातांनी वापरण्याची सवय आता झाली आहे. डावा गिअरमध्ये पडायला दोन सेकंद घेतो आणि पडताच बोट दोन नॉटने ओढतो, उजवा बोटाच्या टोकाएवढा ढकलला तर पंखा तेवढाच फिरतो. म्हणून धक्क्याची बाजू शक्यतो डावी घेतो, म्हणजे बाहेरून हळूहळू आत दाबण्याचे काम विजेला मिळते.

रचना हीच ठेवत आहोत. येत्या मे महिन्यात उजव्या पायाचा रंग खरवडून झिंकभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम किती खाल्ले गेले आहे ते मोजायचे आहे, आणि जुने इंजिन अजून शेडमध्ये पडले आहे, त्याचे हेड आणि पंप चांगले असल्याने डाव्यासाठी सुटे भाग म्हणून काढून तेल लावून ठेवायचे आहेत.